मिलोचा मोर

"आमाला पोरगी आन नारळ द्या, दुसरं काय बी नको," असं माझे सासरे आबासाहेब सुपारी फोडताना म्हणाले, तेव्हाच माझ्या आईनं पदरामागं कपाळाला हात लावला होता. ज्याला काही नको असतं त्याला काय काय हवं असतं, हे तिनं आपल्या बहिणींच्या लग्नांत पाहिलं होतं. आणि झालंही तसंच. आबासाहेबांचं बोलणं संपतंय न संपतंय तोच माझी होणारी सासू रंगुबाई म्हणाली, "व्हय, नारळच. फकस्त लगीन चार लोकांत उठून दिसलं पायजे. आमची मानसं बागायतातली हायेत."

बागायतातली म्हणजे राहात्याकडची. कॅनॉलचं पाणी, ऊस, दारात म्हशी. आम्ही तिसगावच्या पलीकडचे, पाथर्डी तालुक्यातल्या जिराईत रानातले. त्यात साल होतं त्र्याहत्तरचं. विहिरीत खडा टाकला तर दगडावर दगड आपटल्याचा आवाज यायचा. अशा वर्षी आपल्या भाचीला बागायतातलं स्थळ काढलं म्हणून माझा मामा आप्पासाहेब मिशीवर ताव देत फिरत होता. तो तिकडं एका साखर कारखान्यात कारकून होता आणि आबासाहेबांचा ऊस त्याच्याच खिडकीवरून जायचा. नवरा मुलगा मच्छिंद्र दिसायला बरा होता. बोलायला कसा होता ते कळलं नाही, कारण तो बोललाच नाही.

माझे वडील, दादा, यांचं नाव कारभारी. आमची जमीन होती. पण त्या वर्षी जमीनवाला आणि बिनजमीनवाला एकाच ढिगावर बसून दुष्काळी कामाची खडी फोडत होता. दादाही जायचे, मात्र फेटा बांधून जायचे. एकदा तिथल्या मुकादमानं त्यांना "ए म्हाताऱ्या" म्हटलं. दादांनी हातोडा खाली ठेवला आणि उभे राहिले. काम करेनात, बोलेनात, घरीही जाईनात. बाजूच्या बायाही हातोडे थांबवून बघायला लागल्या. शेवटी त्या मुकादमालाच "कारभारी, बसा बाबा" म्हणावं लागलं, तेव्हा कुठं ते खाली बसले. गावात ही गोष्ट पुष्कळ दिवस सांगितली जायची. मला माझ्या बापाचा फार अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "उठून दिसायचं म्हंजी कसं वो? मांडव कशाचा घालायचा? फुलं न्हाईत, पानं न्हाईत, घरात साखर न्हाई."

"कुनापुढं हात पसरायचा न्हाई," दादा म्हणाले. "घरात हाय, रानात हाय, त्यातच लगीन सजवायचं. छबे, तुजा हात चांगला हाय. तू बघ."

झालं. नवरीच्या अंगाला हळद लागायच्या आधी तिच्या गळ्यात मांडवाचं कंत्राट पडलं. माझी सातवी झाली होती. शाळेतल्या बाईंनी आम्हाला कागदाची फुलं, भरतकाम, झालरी असलं शिकवलं होतं आणि माझ्या वहीतली फुलं बाई तालुक्याला दाखवायला घेऊन जायच्या. त्यामुळं कंत्राट मिळालं याचा मला राग नव्हता, उलट अंगात वारं शिरलं होतं.

पण सजवायचं कशानं? आमच्याकडं मांडवाला आंबा, जांभूळ, उंबराचे डहाळे लागतात. गावची झाडं तर लोकांनी शेळ्यांसाठी शेंड्यापर्यंत ओरबाडली होती. हिरवा राहिला होता तो फक्त लिंब, कारण तो खायला शेळीसुद्धा नाखूष असते. तर डहाळे लिंबाचे. दाराशी केळीचे खांब हवेत. आमच्या मुलखात केळ बघितलेली माणसंच मोजकी. मी बांधाबांधानं हिंडले. दुष्काळात मस्तवाल वाढलेली एकच वस्तू दिसली, घायपात. त्याचे उंच दांडे, वर झुबका, कुणी तोडत नाही, कुणी खात नाही. ते तोडून आणले. पाती कुटून त्यांचा वाख, म्हणजे दोराचा धागा, काढला, हळदीत नि कुंकवात बुडवून त्याची गोंडेदार झालर केली. शेजारची राहीबाई कमरेवर हात ठेवून बघत उभी होती.

"छबे, ह्यो मांडव हाय का वावराचं कुंपान?" तिनं विचारलं. "नवरदेव आत येतोय का बाहीरूनच हाकलायचा?"

"आत आला तर बाहेर जाऊ नये म्हणून कुंपण," मी म्हटलं. ती पोट धरून हसली, आणि मग स्वतःच वाख पिळायला बसली.

पताकांना गुरुजींनी मुलांचे गेल्या वर्षीचे पेपर दिले. एका बाजूला नापास झालेली गणितं आणि दुसऱ्या बाजूला माझी काव, नीळ, हळद. चिकटवायला खळ करायला निघाले तर आई चुलीपुढून उठून आली. "भाकरीला पीठ न्हाई आन पताकांना घालती व्हय?" मग चिंचोके भिजवून, वाटून त्याची खळ केली. त्या खळीनं कागद असा चिकटायचा की फाटेल पण सुटणार नाही. बाशिंगाला चहाच्या पुड्यांतला चांदीचा कागद साऱ्या गल्लीतून गोळा केला. मुंडावळ्यांना सरकीचा कापूस वळून, हळदीत बुडवून शेवंतीच्या कळ्या केल्या. लांबून बघणाऱ्यानं वास घ्यायला नाक पुढं करावं अशा झाल्या होत्या. अक्षतांना मात्र आईनं बियाण्याच्या मडक्यातली पांढरी ज्वारी काढली आणि काढताना देवापुढं हात जोडले, जणू चोरीच करतेय.

राहिला रुखवत. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवरीकडचे लोक मुलीच्या हातचं काय काय मांडून ठेवतात: फराळ, शेवया, भरतकाम, शोभेच्या वस्तू. नवऱ्याकडच्या बायका ते बघायला येतात, नावं ठेवतात, हसतात, आणि त्यावरून सून कशी निघणार ते ठरवतात. रुखवत रिकामा गेला तर सासरी मरेपर्यंत ऐकावं लागतं. आमच्या घरात मांडण्यासारखं काय होतं? साखर नाही म्हणून लाडू नाहीत, गहू जेवणावळीलाच पुरेना म्हणून शेवया नाहीत. होता तो मिलो.

मिलो म्हणजे रेशनवर येणारी परदेशातली लाल ज्वारी. दाणा बारीक, गोल, कडक. भाकरी विटकरीसारखी तांबूस व्हायची, कडेला चिरायची आणि पोटात दगडासारखी बसायची. घरोघरी तीच होती. पण पाहुणा दिसला की भाकरीच्या टोपल्यावर फडकं पडायचं. सगळे खात होते आणि कुणीच खात नव्हतं.

एके दुपारी मी अंगणात मिलो पाखडत बसले होते. सुपातून दाणे खाली पडले आणि उन्हात असे चमकले की मी हात थांबवला. पोवळ्याचे मणी बघितले नव्हते मी, पण असतील तर असेच असतील. बोटानं सारवलेल्या जमिनीवर दाणे सरकवत गेले, तर मोराची मान झाली. मग छाती झाली. डोळ्याला कारळ्याचा काळा दाणा लावला आणि मोरानं माझ्याकडं बघितलं.

मागं दादा उभे होते. त्या दिवशी कामाला सुट्टी होती. तोवर त्यांनी माझ्याशी दोनच जातीची वाक्यं बोलली होती, 'पाणी आण' आणि 'आत जा'. ते उकिडवे बसले, मोराकडं बघत राहिले आणि म्हणाले, "शेपूट मोठं घे. मोर शेपटाचा असतोय."

त्यानंतर दर सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघं बसायचो. मामानं तिसगावच्या बाजारातून कापड दुकानाचा मोठा पुठ्ठा आणून दिला. दादा बाभळीचा डिंक गोळा करून आणायचे. मी एकेक दाणा लावायची आणि ते दाणे निवडायचे. ज्या माणसानं बायकांच्या कामाकडं कधी वळून बघितलं नाही, तो माणूस डोळ्याजवळ दाणा धरून म्हणायचा, "हा फुटका. हा किडका. मोराला किडका नगं." आईनं एकदा तोंड सोडलं, "अन्नाचा खेळ मांडलाय बापलेकीनं! लोकं काय म्हनत्याल?"

"काय म्हनत्याल?" दादा म्हणाले. "ह्या मिलोनं वरीसभर जगवलं आपल्याला. लपवायचं काय त्यात? मोर मदोमद ठिवायचा. कुनी इचारलं तर मी सांगंन, माज्या पोरीनं केलाय आन मिलोचा केलाय."

खडीच्या ढिगावर त्यांनी सगळ्यांना मोराचं सांगितलं होतं. बाया पाणी मागायच्या निमित्तानं घरी येऊन बघून जायच्या. पिसाऱ्यातला एकेक डोळा मी करडईच्या पांढऱ्या नि हुलग्याच्या तपकिरी दाण्यांचा केला होता. खरं सांगते, मला नवऱ्याची एवढी ओढ नव्हती, घायपाताची नव्हती, पताकांची नव्हती. भर मांडवात माझे दादा ते वाक्य म्हणणार, एवढ्याचीच मी वाट बघत होते.

लग्न वैशाखात झालं. वऱ्हाड ट्रकमधून आलं. बागायतातल्या बाया खाली उतरल्या त्या नाकाला पदर लावूनच, आमच्या गावची धूळही जणू नापास होती. पण घायपाताचे खांब बघून दोघीतिघी थांबल्या. एकीनं झालरीला हात लावून विचारलं, "हे कसलं वो?" राहीबाईनं छाती काढून सांगितलं, "आमच्या छबूचं." मी आतल्या खोलीत हळदीच्या अंगानं बसले होते आणि दाराच्या फटीतून सगळं बघत होते. नवरीनं बघू नये म्हणतात. मी बघितलं.

ओसरीवर बाजेवर आईचं लुगडं अंथरून रुखवत मांडला होता. कडेला कापसाची फुलं, वाखाची पिशवी, दोन भरलेले रुमाल, आणि मधोमध मोर. रंगुबाई वाकली. तिच्या तोंडून "अगं बाई!" एवढं निघून गेलं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तिचे डोळे मोराच्या शेपटावरून हलत नव्हते. मग तिनं बोट लावलं. नखानं एक दाणा उचकटला, तळहातावर घेतला, आणि तिचा चेहरा बदलला.

"ह्यो तर मिलो हाय!" ती मोठ्यानं म्हणाली. "अवो व्याही, इकडं या. रुखवतात मिलो मांडलाय जनू! आमच्याकडं ह्यो म्हशीला घालत्यात."

तिच्याबरोबरच्या बाया हसल्या. आमच्या गावच्या बाया नाही हसल्या. राहीबाई तिथंच होती, सकाळी तिच्या पोरांनी तीच भाकर खाल्लेली. ती जमिनीकडं बघायला लागली. माझी आई खांबाला टेकली. मला मात्र भीती वाटली नाही. मी मनात म्हटलं, बोल आता विहीणबाई, आता तुला कळेल कारभारी कोण ते.

दादा आले. फेटा, हातात पाहुण्यांच्या कपाळी लावायच्या गंधाचं ताट. रंगुबाईनं दाणा त्यांच्यापुढं धरला. "कुनाची अक्कल ही?"

दादांनी दाण्याकडं बघितलं. मग तिच्याकडं, मग ट्रकजवळ उभ्या असलेल्या आबासाहेबांकडं. आणि ते हसले. असं हसणं मी त्यांच्या तोंडी कधी ऐकलं नव्हतं. खांदे वाकवून, दात दाखवून.

"अवो विहीनबाई," ते म्हणाले, "गल्लीतल्या पोराटोरांचा खेळ हाय त्यो. कुनी तरी आनून ठिवला, माजं ध्यानच न्हाई. आमची छबू असलं करायची न्हाई. मिलो तर आमी बी जनावरालाच घालतो."

एवढं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी ताट खाली ठेवलं, स्वतःच्या हातानं मोर उचलला, मांडवाबाहेर नेला आणि शेजारच्या गावाहून आलेल्या आमच्या पाहुण्यांच्या गाडीच्या बैलांपुढं टाकला. ते बैलही दुष्काळाचेच, नुसती हाडं. त्यांनी दाणे खाल्ले, डिंक चाटला, पुठ्ठाही चावून टाकला. दादा हात झटकत परत आले. रंगुबाई म्हणाली, "तरी म्या म्हनलंच." आणि सगळं पुन्हा हसतखेळत सुरू झालं.

लोक म्हणतील, बिचारा बाप, त्यानं दुसरं काय करावं? वऱ्हाड दारात, पोरीला हळद लागलेली. लग्न मोडलं असतं तर? मला काय हे कळत नाही? कळतं. कळतं म्हणून राग जातो असं कुणी सांगितलं? मुकादमापुढं ताठ उभा राहिलेला माणूस एका बाईच्या तळहातावरच्या दाण्यापुढं वाकला, आणि वाकताना मला खाली दाबून वाकला. 'आमची छबू असलं करायची न्हाई.' माझ्या हाताला माझ्याच बापानं ओळखलं नाही.

मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या. पाठवणीच्या वेळी आई, राहीबाई, गल्ली सगळी रडली. मी रडले नाही. दादांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा मी मान बाजूला घेतली. लोकांना वाटलं, पोरगी लाजली.

ट्रकमध्ये रात्रभर हेलकावे खात राहात्याला आलो. मांडवपरतणीला माहेरी जायची रीत असते. "दुष्काळात कसली परतनी," म्हणून आत्याबाईंनी ती रद्द केली. आत्याबाई म्हणजे रंगुबाईच. सासूला तेच म्हणायचं. मच्छिंद्र स्वभावानं वाईट नव्हता. थोड्या दिवसांनी एकदा तो आपणहून म्हणाला, "मोर चांगला हुता. म्या बघितला हुता."

"मग बोललात का न्हाई?" मी विचारलं.

"आई हुती ना," तो म्हणाला. म्हणजे मला नवराही तसाच मिळाला होता.

स्वयंपाकाची पहिली पाळी आली तेव्हा आत्याबाईंनी कणगीचं झाकण काढलं आणि मी आत बघितलं. लाल. काठापर्यंत लाल मिलो. कॅनॉलचं पाणी त्या वर्षी इकडंही पाळीनं आणि तोकडं सुटलं होतं, ऊस वाळला होता, आणि ज्वारी पेरणं बागायतदारांना कमीपणाचं वाटायचं. तेव्हा हे लोकही आमच्यासारखेच रेशनच्या रांगेत उभे राहत होते. म्हशींना मिलो कुठला मिळायला? माणसांनाच पुरत नव्हता. मी हसले. मोठ्यानं हसले.

"हसाया काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं. मी कणगीकडं बघितलं. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "ह्ये बाहीर बोलायचं न्हाई. पाव्हना आला की गव्हाची चपाती. गहू वरच्या डब्यात हाय. रोजचं ह्येच."

मी रोज मिलो दळला, रोज भाकरी थापल्या. जात्यावर बसलं की मला दादांचं ते हसणं ऐकू यायचं. म्हणजे ते ज्यांच्यापुढं वाकले तेही तेच खात होते. माझा मोर बैलाच्या पोटात गेला तो फुकटच. मग माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. मला भांडायचं नव्हतं, आत्याबाईंना खाली बघायला लावायचं नव्हतं. मला दादांना फक्त दाखवायचं होतं. एकदा त्यांना कळलं की वाकायचं कारणच नव्हतं, की ते आपोआप ताठ होतील. ते म्हणतील, हा मिलोच की विहीणबाई, माझ्या पोरीनं ह्याचाच मोर केला होता. एवढं म्हटलं असतं तर मी सगळं विसरायला तयार होते.

पाऊस चांगला झाला. श्रावण आला. पंचमीला लेकी माहेरी जातात आणि न्यायला बाप नाही तर भाऊ येतो. मला भाऊ नाही. दादा आले. फेटा धुतलेला, गालाची हाडं वर आलेली. पिशवीतून आईनं दिलेला चोळीचा खण काढून आत्याबाईंच्या हातात दिला. आमच्याकडं बाजरी गुडघ्याएवढी झाल्याचं सांगितलं. मी वाकून पाया पडले आणि आत गेले.

"सुनबाई, चपात्या टाक गं," आत्याबाई बाहेरून म्हणाल्या. "व्याही लांबून आल्यात."

वरचा डबा मी काढलाच नाही. कणगीतल्या मिलोचं पीठ परातीत घेतलं. भाकरी अशा थापल्या की एकीलाही कडेला चीर गेली नाही. मग ओसरीवर ताटं मांडली, एक मामंजींचं, एक दादांचं. आमटी वाढली. आणि टोपल्यावरचं फडकं काढून दोघांच्या ताटात एकेक लाल भाकर ठेवली.

आबासाहेबांचा हात ताटावरच थांबला. उंबऱ्यात बसलेल्या आत्याबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्या मला काही बोलू शकत नव्हत्या, कारण बोलल्या असत्या तर कबूल केल्यासारखं झालं असतं. मी आमटीचं भांडं घेऊन तिथंच उभी राहिले आणि दादांकडं बघत राहिले.

त्यांनी भाकरीकडं बघितलं. ज्या माणसानं मिलोचा दाणा न् दाणा डोळ्याजवळ धरून निवडला होता, त्याला मी काय सांगायचं? त्यांनी मान वर केली. आधी आत्याबाईंकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं, त्यांना कळलं होतं. भाकरी कसली आहे तेही कळलं, आणि मी ती का वाढली तेही. म्हणा दादा, म्हणा.

त्यांनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला, चावून गिळला. आणि हसले. तेच हसणं.

"वा विहीनबाई," ते म्हणाले, "बागायती ज्वारीची चवच न्यारी. आमच्याकडं असली ज्वारी कुटली वो!"

आत्याबाईंच्या छातीतून हवा सुटल्याचा आवाज मला ऐकू आला. "घ्या की आजून," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "लाजू नगा. वाढ गं सुनबाई."

मी दुसरी भाकर वाढली. त्यांनी ती पण खाल्ली.

जेवणं झाली. आत्याबाई माझ्याशी एकदम गोड बोलायला लागल्या. "जा पोरी माहेरी, चार दिस जास्त ऱ्हा," म्हणाल्या. त्यांचं झाकलेलं माझ्या बापानं झाकूनच ठेवलं होतं, त्याची ही परतफेड. आणि खरंच, त्यानंतर त्या घरात मला कुणी टाकून बोललं नाही. माझं सासर सुखाचं झालं.

हात धुताना दादा माझ्याजवळ आले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळू आवाजात म्हणाले, "छबे, मला कळलं गं."

"कळलं तर बोलला का न्हाई?"

त्यांनी फेट्याच्या शेवानं हात पुसले. "तुला हितं नांदायचं हाय, माय."

"मग नांदते," मी म्हटलं. "पंचमीला मला यायचं न्हाई. आईला सांगा, कामं हायेत."

मी खरकटी ताटं उचलून आत नेली. बाहेर आत्याबाई त्यांना विचारत होत्या, "पोरगी येत न्हाई व्हय?" आणि दादा सांगत होते, "न्हाई म्हनती. लई रमलीया हितं."